वऱ्हाडाला समुद्र कधी मिळाला? विद्यार्थी आणि नौकाप्रशिक्षण यांचा एक इतिहास

१९५२ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजे एन.सी.सी.चा, नौदल विभाग सुरू झाला. महाविद्यालयातील तरुणांनी स्वेच्छेने यावे, वल्हे धरावे, शीड उभारावे आणि दर्यावर्दी जीवनाची तोंडओळख करून घ्यावी, अशी ही योजना होती. त्या वर्षी धामणगाव रेल्वे ज्या राज्यात होते त्या राज्याला समुद्रच नव्हता. जुना मध्य प्रांत व वऱ्हाड १९५० साली मध्य प्रदेश झाला होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि त्याच्या चारही सीमा जमिनीला लागलेल्या होत्या. हा धागा समुद्र नसलेल्या या मुलुखाचा आणि नौकाप्रशिक्षणाच्या कल्पनेचा आहे.

प्रथम भूगोल. धामणगाव हे अमरावती जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे गाव. मुंबईहून रेल्वेने निघाले तर ते सुमारे सातशे किलोमीटरवर येते. त्याच्या पूर्वेस वर्धा नदी वाहते आणि अमरावती व वर्धा या दोन जिल्ह्यांची सीमा आखते. नदीपलीकडे पुलगाव आहे, ज्याच्या नावातच पूल आहे. धामणगावच्या शिवारात पडलेला पाऊस वर्धेला मिळतो, वर्धा पुढे वैनगंगेला, वैनगंगेची प्राणहिता होते, ती गोदावरीत उतरते आणि शेवटी हे पाणी बंगालच्या उपसागराला जाते.

धामणगावचा कापूस मात्र उलट दिशेने गेला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला. रुळाकाठी बाजारपेठा उभ्या राहिल्या. गावाच्या नावाला चिकटलेले ‘रेल्वे’ हे उपपद त्याच काळाचे लेणे आहे. येथील पाणी पूर्व समुद्राला जाई, कापसाची गाठ पश्चिम समुद्राला जाई, आणि दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला समुद्र पाहण्याचे कारण सहसा पडत नसे.

मराठी माणसाच्या सागरी इतिहासातही वऱ्हाड आढळत नाही. शिवकाळातील आरमाराची उभारणी कल्याण-भिवंडीच्या खाडीत झाली, आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण दिले ते कोकण किनाऱ्याचा अनुभव समोर ठेवून, आणि आंग्र्यांचा दरारा कुलाबा ते विजयदुर्ग या पट्ट्यातला. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा ओडिशा-बंगालपर्यंत गेल्या खऱ्या. पण त्या गेल्या घोड्यावरून.

याचा अर्थ येथे नाव नव्हती असा मुळीच नाही. वर्धा, पूर्णा, पैनगंगा, वैनगंगा या नद्यांवर भोई आणि ढिवर समाजाचे डोंगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कौंडण्यपूरसारख्या नदीकाठच्या क्षेत्री, जेथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, तेथे नावाडी हा गावगाड्याचा अविभाज्य घटक होता. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून नदी ओलांडणे आणि पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधणे ही त्या काळची तरणसाधने. आजच्या जीवरक्षक जॅकेटामागचे तत्त्व तेच आहे: हलक्या, हवा धरून ठेवणाऱ्या वस्तूने माणसाचे नाक-तोंड पाण्याच्या वर ठेवायचे.

फरक इतकाच की हे ज्ञान जातीच्या आणि घराच्या चौकटीत राहिले. भोयाच्या पोराला कळे की पूर आलेल्या नदीत डोंगा सरळ समोर घालायचा नसतो, वरच्या अंगाने तिरका घालायचा असतो, म्हणजे प्रवाह त्याला आपोआप पलीकडच्या उतारावर आणून सोडतो. डोह कोठे आहे, भोवरा कोठे फिरतो, पाण्याचा रंग बदलला की वर कोठे पाऊस झाला, हेही त्यालाच कळे. नावेत बसलेल्या इतर उतारूंना यातले काही ठाऊक नसे, आणि ते ठाऊक असावे असे कोणाला वाटतही नसे. शाळा-महाविद्यालये आली तेव्हा हे ज्ञान त्यांच्या अभ्यासक्रमात आले नाही. पूल झाले, डोंगे कमी झाले आणि जे होते तेही विरळ होत गेले.

आता मुंबईकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांवर खलाशी हिंदी असत, पण अधिकारी जवळपास सगळे युरोपीय. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापली, आणि त्या वर्षी ५ एप्रिल रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. आजचा राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेला पाळला जातो. जहाज तर स्वदेशी झाले. ते चालवणारा कप्तान स्वदेशी कोठून आणायचा, हा पुढचा प्रश्न होता.

१९२२ साली सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात हा प्रश्न उपस्थित केला, त्यातून इंडियन मर्कंटाइल मरीन कमिटी नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनुसार १९२७ साली ‘डफरिन’ हे जुने सैन्यवाहू जहाज मुंबई बंदरात नांगरून त्यावर प्रशिक्षणशाळा सुरू झाली. रामदास कटारी हे तिच्या पहिल्या तुकडीतले. तेच १९५८ साली भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. ‘डफरिन’ची जागा १९७२ साली ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून ती परंपरा नवी मुंबईत ‘चाणक्य’ या नावाने जमिनीवर चालू आहे.

याच १९२७ सालच्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ही कोकण किनाऱ्यावरची दोन उतारू जहाजे एकाच दिवशी वादळात बुडाली. एकाच वर्षी अधिकाऱ्यांची शाळा उघडली आणि उतारूंची दोन जहाजे तळाला गेली. या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही, परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रशिक्षण ही जहाज चालवणाऱ्याची बाब मानली जात होती. जहाजात बसणाऱ्याला काही शिकवायचे असते, ही कल्पना अजून यायची होती.

ती कल्पना इतरत्रही अपघातांनीच शिकवली. इंग्लंडात व्हिटबी या बंदरगावी ९ फेब्रुवारी १८६१ रोजी जीवरक्षक नौका एकाच दिवसात सहाव्यांदा समुद्रात गेली आणि उलटली. तेरा जणांपैकी बारा जण बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, कारण बुचाच्या तुकड्यांचे नव्या घडणीचे जॅकेट त्या दिवशी फक्त त्याने अंगावर चढवले होते. बुडालेले बाराही जण समुद्रात मुरलेले, स्वयंसेवक म्हणून इतरांचे जीव वाचवणारे लोक होते. ज्याला उत्तम पोहता येते त्याला जॅकेट लागत नाही, हा समज त्या दिवशीच निकालात निघायला हवा होता. तो आजही वर्धेच्या काठावर ऐकू येतो.

दुसरी घटना विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांची. बेडन-पॉवेल यांच्या बालवीर चळवळीतून ‘सी स्काउट’ ही शाखा निघाली. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनहून निघालेल्या अशाच एका पथकाची नाव केंट किनाऱ्यावर लेजडाउनजवळ अचानक आलेल्या झंझावातात उलटली आणि नऊ मुले दगावली. तेव्हा नौदलाचे मंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी त्यांचे मृतदेह आणण्यासाठी युद्धनौका पाठवली. देशभर शोक झाला, पण चळवळ बंद झाली नाही.

ही लाट हिंदुस्थानात पोचली ती बंदरांच्या शहरांत. १९३८ साली कराचीत सी कॅडेट कोअर सुरू झाली. फाळणीनंतर ती मुंबईत आली आणि कुलाब्याला ‘जवाहर’ या प्रशिक्षणकेंद्रात स्थिरावली. शाळकरी मुलांनी सुटीच्या दिवशी गणवेश घालून गाठी बांधायला शिकायचे, वल्हवायचे, झेंड्यांनी संदेश द्यायचे, हा तिचा उपक्रम. त्याला वेतन नव्हते आणि नौदलात जाण्याची सक्तीही नव्हती.

मग आला १७ जुलै १९४७. आषाढी अमावास्येचा दिवस. ‘रामदास’ ही उतारू बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. काशाच्या खडकाजवळ ती वादळात सापडली. पाऊस आणि लाटांच्या माऱ्यापासून वाचण्यासाठी उतारू एका बाजूला लोटले गेले, बोट कलली आणि काही मिनिटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला बातमी कळली ती कित्येक तासांनी, पोहून किनाऱ्याला लागलेल्यांकडून. जे वाचले त्यांतील अनेकांना मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी उचलले. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते, आणि त्या धामधुमीत ही घटना कोकणाबाहेर फार लवकर विसरली गेली.

‘रामदास’ नीट पाहिली तर नौकासुरक्षेचा बहुतेक धडा तिच्यात सापडतो. होडी लहान असो वा मोठी, तिचा तोल दोन गोष्टींवर अवलंबून असतो: वजन किती खाली आहे आणि ते मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना किती समान आहे. माणसे उभी राहिली की वजन वर सरकते. एका बाजूला धावली की ते कडेला सरकते. दोन्ही एकदम झाले तर शांत पाण्यातही नाव पलटी खाते. लाटेने जेवढ्या होड्या उलटतात त्याहून अधिक घाबरलेल्या उतारूंनी उलटतात असे म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल, पण नदी-तलावांवरच्या दुर्घटनांचे वृत्तान्त वाचणाऱ्याला ते फारसे खोटे वाटणार नाही.

या पार्श्वभूमीवर एन.सी.सी. पाहिली पाहिजे. सप्टेंबर १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. महायुद्धाच्या काळात चाललेल्या विद्यापीठीय सैनिकी तुकड्यांचा अनुभव फारसा समाधानकारक नव्हता. त्यांच्या जागी देशव्यापी संघटना हवी, असा समितीचा निष्कर्ष. १९४८ साली कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ हा स्थापनादिन ठरला. मुलींचा विभाग १९४९ मध्ये, हवाई विभाग १९५० मध्ये आणि नौदल विभाग १९५२ मध्ये आला.

नौदल विभागातील विद्यार्थी नेमके काय शिकतो? त्याची पहिली ओळख होते ती ‘व्हेलर’शी. सत्तावीस फूट लांबीची ही लाकडी होडी मूळची तिमिंगलांच्या शिकारीच्या होड्यांवरून घडवलेली. तिला पाच वल्ही: उजव्या अंगाला तीन, डाव्या अंगाला दोन. मागे सुकाणूवर एक जण, ज्याला कोकणात तांडेल म्हणता येईल. पाच जणांनी एका ठेक्यात वल्हे पाण्यात घालायचे, पाठीने ओढायचे आणि पाते आडवे करून परत न्यायचे. एकाचा ठेका चुकला तर त्याचे वल्हे शेजाऱ्याच्या वल्ह्यात अडकते आणि होडी गिरकी घेते. आज्ञा आजही इंग्रजीत आहेत. ‘गिव्ह वे टुगेदर’ म्हटले की सुरुवात, ‘ओर्स’ म्हटले की सर्वांनी थांबायचे. आपले बळ किती आहे याला येथे दुय्यम स्थान. दुसऱ्याच्या हालचालीकडे लक्ष असणे ही पहिली पात्रता. जमिनीवरच्या कवायतीत चुकलेल्याला शिक्षा होते, व्हेलरमध्ये चुकलेल्यामुळे सगळेच थांबतात.

त्यानंतर गाठी. बोलाइन ही गाठ कधीही सरकत नाही आणि कितीही ताण आला तरी नंतर सहज सुटते, म्हणून बुडणाऱ्याच्या काखेखालून घालायला तीच योग्य. सरकफास तेथे चालत नाही. तो छाती आवळतो. मग दोन झेंड्यांचा सेमाफोर, जहाजांच्या प्रतिकृती आणि ‘एंटरप्राइज’ नावाची दोन माणसांची शिडाची होडी.

या शिडाच्या होडीच्या शिक्षणात एक विलक्षण धडा असतो: होडी मुद्दाम उलटवली जाते. आडव्या पडलेल्या होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर एकाने चढायचे, काठ धरून मागे झुकायचे आणि शरीराच्या वजनाने होडी पुन्हा सरळ करायची. दुसऱ्याने त्याच वेळी शिडाचे दोर मोकळे ठेवायचे. या सरावाचा खरा हेतू होडी सरळ करण्यापेक्षा मोठा आहे. उलटल्यावर होडी सोडायची नाही, हे अंगात मुरवायचे असते. उलटलेली होडी बहुधा तरंगत राहते, लांबून दिसते आणि हात ठेवायला आधार देते. किनारा मात्र पाण्यातून पाहताना असतो त्यापेक्षा नेहमी जवळ भासतो. त्या भासावर विसंबून निघालेले अनेक चांगले पोहणारे मध्यावरच थकतात.

संघटनेच्या इतिहासात स्वेच्छा हा शब्द एकदा काही वर्षांसाठी गळाला. १९६२च्या चीन युद्धानंतर १९६३ पासून महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली. त्या वेळी नौदलप्रमुख भास्कर सोमण होते, हे मराठी वाचकाला आठवत असेल. संख्या प्रचंड वाढली, साधने आणि शिक्षक त्या प्रमाणात वाढणे शक्य नव्हते. १९६८ साली सक्ती उठली. पुढच्याच वर्षी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सदतीस विद्यापीठांत सुरू झाली. आजच्या ग्रामीण महाविद्यालयांत स्वयंसेवक म्हटले की एन.सी.सी.चा छात्र किंवा रा.से.यो.चा विद्यार्थी डोळ्यांपुढे येतो, त्याचे मूळ या दोन वर्षांत आहे.

आणि वऱ्हाडाचा समुद्र? तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी मिळाला. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि धामणगावचा नागरिक एका रात्रीत किनारपट्टी असलेल्या राज्याचा रहिवासी झाला. १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर हा किनारा सुमारे ७२० किलोमीटरचा मोजला गेला. कागदावरचा हा समुद्र प्रत्यक्षात तेवढाच दूर राहिला. अमरावतीला एन.सी.सी.चे विभागीय मुख्यालय आहे आणि जिल्ह्यातील बहुतेक छात्र भूदल विभागाचे. नौदलाची तुकडी नागपुरात, तिचा सागर म्हणजे अंबाझरी तलाव. विदर्भातला विद्यार्थी व्हेलर पहिल्यांदा हाती धरतो ती तेथे, गोड्या पाण्यात. निवडले गेलेले पुढे शिबिरांना किनाऱ्यावर जातात आणि त्यांतल्या कित्येकांना खारे पाणी चाखायला मिळते ते तेव्हाच.

अमरावतीला शारीरिक शिक्षणाची परंपरा नवी नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. मल्लखांब, लाठी, कबड्डी या विद्या वऱ्हाडाने देशाला शिकवल्या. त्या तुलनेत पाणी मागे पडले, हे मान्य करावे लागते. कारणही समजण्यासारखे आहे: उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी वर्षातले आठ महिने शत्रू वाटत नाही.

उरलेल्या चार महिन्यांत ती काय करते हे ३० जुलै १९९१ रोजी मोवाडने पाहिले. नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील हे गाव वर्धेच्या काठी, पलीकडे अमरावती जिल्ह्यातला वरुड तालुका. त्या दिवशीच्या महापुरात दोनशेहून अधिक माणसे वाहून गेली आणि पुढे गावाचे पुनर्वसन करावे लागले. धामणगावकडे येणारी नदी ती हीच. अशा वेळी पहिले काही तास बाहेरची मदत पोचत नाही. रस्ते तुटलेले असतात, बोटी जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, आणि गावात जो असतो तोच हाताशी येतो.

पुराविना घडणाऱ्या घटना त्याहून अस्वस्थ करणाऱ्या. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील गाडेगाव येथे दशक्रियेसाठी जमलेले नातलग विधी आटोपून झुंज येथील धबधबा पाहायला नावेतून निघाले. वर्धेच्या पात्रात नाव उलटली आणि अकरा जण बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ मिरची तोडणीला निघालेल्या मजूर महिलांची नाव वैनगंगेत उलटली. सहा जणी गेल्या. दोन्ही ठिकाणी पाण्यावर येणे हा काही मिनिटांचा, सवयीचा भाग होता. चैनीसाठी नौकाविहार करणारे आणि पोटासाठी नदी ओलांडणारे यांच्यात पाणी भेद करीत नाही. जॅकेट घातले होते की नाही एवढाच भेद ते ओळखते.

महाविद्यालयीन विद्यार्थीही यातून सुटलेले नाहीत. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्यावर सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनींचा अंत झाला. ही मुले समुद्रकाठची होती. समुद्र रोज दिसत असल्याने नौकासुरक्षा आपोआप येते, हा समज या घटनेने खोडून काढला. ती शिकावीच लागते, डहाणूला आणि धामणगावलाही.

कायद्याची गती मंद राहिली. देशांतर्गत जलवाहतुकीचा १९१७ सालचा कायदा यंत्राने चालणाऱ्या नौकांचा विचार करणारा होता. वल्ह्यावर चालणारा डोंगा त्याच्या नजरेत फारसा येत नव्हता. २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला, त्यात यंत्रविरहित नौकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांच्या नोंदणीत स्थानिक स्वराज्य संस्थांना स्थान दिले आहे. म्हणजे गावच्या नावेची वही आता गावच्या पातळीवर ठेवता येते. तिच्यात किती माणसे बसवायची हे लिहिलेले असणे आणि अकराव्या माणसाला काठावर थांबवणे यांत जे अंतर आहे ते मात्र कायदा भरून काढत नाही. काठावर थांबवणारा कोणीतरी माणूस असावा लागतो.

तेथे विद्यार्थी स्वयंसेवकाची भूमिका येते. राज्यातील विद्यापीठांच्या राष्ट्रीय सेवा योजनेत ‘आव्हान’ या नावाने आपत्ती व्यवस्थापनाची शिबिरे भरत आली आहेत. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेने २०१६ पासून गावपातळीवरील स्वयंसेवकांना पूर, आग, भूकंप यांसाठी प्रशिक्षण द्यायला आरंभ केला आणि तिच्या पुढील टप्प्यात एन.सी.सी., रा.से.यो., नेहरू युवा केंद्र व स्काउट-गाइड यांतील तरुणांनाच समोर ठेवले गेले. अशा शिबिरात शिकवला जाणारा क्रम साधा आहे. बुडणारा दिसला की आधी काठी, ओढणी, फांदी जे हाती लागेल ते पुढे करा. ते पुरत नसेल तर दोर किंवा रिकामा, झाकण लावलेला डबा फेका. तेही जमत नसेल तर नाव न्या. पाण्यात उडी हा शेवटचा उपाय, तोही प्रशिक्षिताचा. आपल्याकडे हा क्रम उलटा पाळला जातो. एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि तिघांच्या अंत्ययात्रा एकाच गल्लीतून निघतात. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे चाळली तर याचा पुरावा दरवर्षी मिळतो.

प्लास्टिकचा पाण्याचा डबा, दहा-वीस लिटरचा, घट्ट झाकणाचा. वऱ्हाडातल्या प्रत्येक घरी असतो, उन्हाळ्यात टँकरपुढे रांगेत उभा असतो. दोराला बांधून फेकला तर तो एका माणसाला तरंगत ठेवतो. भोपळ्याच्या सांगडीचे हे नवे रूप. सागरी सेवेच्या पुस्तकात त्याचे चित्र नसेल, परंतु वर्धाकाठच्या शिबिरात जीवरक्षक जॅकेटानंतर लगेच त्याचाच पाठ असतो आणि तो योग्य आहे.

२०२१ साली संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. भारतात सरकारी नोंदीप्रमाणे हा आकडा वर्षाला तीस हजारांच्या वर जातो. त्यात समुद्रात बुडणारे थोडे. विहिरी, शेततळी, कालवे, नद्या यांचाच वाटा मोठा.

शेवटी पुन्हा अंबाझरी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि तलाव सांडव्यावरून ओसंडला. नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. चार जणांचा मृत्यू झाला. सैन्य आणि आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी त्या दिवशी शहराच्या रस्त्यांवरून चालल्या, घरांच्या पायऱ्यांना लागल्या आणि वृद्धांना, मुलांना उचलून घेऊन गेल्या. ज्या तलावावर विदर्भातली मुले वल्ही मारायला शिकत आली होती, त्याचे पाणी त्या दिवशी शहरात उतरले होते.